सी प्रोग्रॅममधून रक्कम लाख-कोटीत कशी छापायची

माझे धाकटे चुलते, तात्या, एका हंगामात खरेदी केंद्रावर सोयाबीन घालून आले. माल २६ क्विंटल, हमीभाव ४,८९२ रुपये. हिशोब सरळ होता, १,२७,१९२ रुपये. पण हातात मिळालेल्या पट्टीवर आकडा छापलेला होता १२७१९२.०० असा, आणि ती कार्बनखालची प्रत असल्यानं मधला टिंब उमटलाच नव्हता. तात्यांनी बोट ठेवून अंक मोजले. आठ भरले. म्हणजे एक कोटी सत्तावीस लाख! "ह्यात कायतरी घोळ हाय, मी सही करीत नसतो," असं म्हणून ते पट्टी खिशात घालून थेट एसटीनं माझ्याकडं लातूरला आले. एवढ्याशा कामासाठी त्यांचा अख्खा दिवस गेला आणि पैसे आठ दिवस लांबले.

त्या पट्टीचा हिशोब बरोबरच होता. चूक छापण्यात होती. आकडा वाचणाऱ्या माणसाचा विचार ती पट्टी छापणाऱ्या प्रोग्रॅमनं केलेला नव्हता. मी तंत्रनिकेतनात सी शिकवते, म्हणून हे मला फार लागलं. रकमेत स्वल्पविराम घालणं हा माझ्या प्रात्यक्षिकात तोवर शेवटच्या पाच मिनिटांचा विषय असायचा. आता त्याला मी पूर्ण दोन तास देते. ते दोन तास इथं लिहिते आहे.

सुरुवात आण्णांपासून करावी लागेल. माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. रोजच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, शेतकऱ्यांची उचल, सगळं हातानं. मी शाळेत असताना एकदा त्यांच्या शेजारी बसून बेरीज मांडत होते, तर म्हणाले, "काय करू लालीस बाई? आकडा उजवीकडून बांधायचा असतो. आधी तीन, मग दोन-दोन. जिथं जीभ थांबती तिथं कॉमा." मी आजही वर्गात हेच वाक्य आधी फळ्यावर लिहिते, कारण नियम नेमका त्यातच आहे. आपण १२७१९२ वाचताना 'एक लाख' म्हणून थांबतो, 'सत्तावीस हजार' म्हणून थांबतो, आणि 'एकशे ब्याण्णव' एका दमात म्हणतो. शतकाचं घर एकटं असतं, म्हणून उजवीकडचे तीन अंक एकत्र राहतात. पुढं हजार-दशहजार, लक्ष-दशलक्ष, कोटी-दशकोटी अशी घरं जोडीजोडीनं येतात, म्हणून दोन-दोन. इंग्रजी पद्धतीत हजारानंतरचं नवं नाव एकदम मिलियनला येतं, म्हणून तिथं सगळीकडं तीन-तीन. १२७,१९२ असं छापलेलं आमच्या तात्यांना वाचता येणार नाही असं नाही, पण त्यांची जीभ जिथं थांबते तिथं कॉमा नसेल तर त्यांनी पुन्हा बोट ठेवून मोजायचं का?

सी भाषेत साधा प्रिंटएफ, म्हणजे छापण्याचं नेहमीचं फंक्शन, कॉमा घालत नाही. मुलं लगेच इंटरनेटवर शोधून येतात की फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या खुणेनंतर एकेरी अवतरण चिन्ह टाकलं की कॉमा येतात. हे खरं आहे, पण अर्धंच. ती खूण सी भाषेच्या मूळ मानकात नाही, ती पॉसिक्स या युनिक्स-घराण्याच्या मानकातली आहे. लिनक्सवर चालते, विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत चालत नाही, आणि आमच्या प्रयोगशाळेत विंडोज आहे. लिनक्सवरही ती लोकेल, म्हणजे देश-भाषेप्रमाणं आकडे दाखवण्याची मांडणी, पाहून काम करते. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा लोकेल 'सी' नावाचं असतं आणि त्यात हजाराचं चिन्ह म्हणजे रिकामी स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ). त्यामुळं सेटलोकेल हे फंक्शन आधी बोलावलं नाही तर अवतरण चिन्ह टाकूनही काहीच फरक दिसत नाही. बोलावलं तरी ते लोकेल त्या संगणकावर बसवलेलं असायला हवं. नसेल तर सेटलोकेल नल, म्हणजे 'मिळालं नाही' अशी खूण, परत देतं, आणि बहुतेक जण ते तपासत नाहीत.

लोकेलच्या आत गट कसे पाडायचे हे ज्या पद्धतीनं लिहितात, ती मात्र मला फार आवडते. लोकेलकॉन्व्ह हे फंक्शन एक स्ट्रक्चर देतं, त्यात ग्रुपिंग नावाची छोटी स्ट्रिंग असते. तिच्यातला प्रत्येक बाइट म्हणजे एका गटाची लांबी, उजवीकडून मोजलेली, आणि शेवटचा बाइट पुढं पुन्हा पुन्हा लागू होतो. भारतीय पद्धतीसाठी त्यात फक्त दोन बाइट लागतात, ३ आणि २. आधी तीन, मग दोन-दोन. आण्णांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मंग बरोबरच हाय की."

तरीही पावतीसारख्या कामात मी लोकेलवर विसंबू देत नाही. पट्टी कोणत्या संगणकावर छापली जाईल हे आपल्याला माहीत नसतं, आणि सेटलोकेल अख्ख्या प्रोग्रॅमला लागू होतं. काही युरोपी लोकेलमध्ये दशांश चिन्हच कॉमा असतं, मग दुसरीकडं कुठंतरी आकडे वाचणारा कोड बिघडतो. वीस ओळींचं फंक्शन आपलं आपण लिहावं, म्हणजे ते सगळीकडं सारखं वागेल.

मी मुलांना आयता कोड देत नाही. आधी मराठीत पायऱ्या लिहायला लावते, मग त्या सीमध्ये उतरवायच्या. इथंही तसंच करते.

आकडा आधी एसएनप्रिंटएफनं (कागदाऐवजी स्ट्रिंगमध्ये छापणारं फंक्शन) स्ट्रिंगमध्ये घ्या. पुढचं सगळं काम स्ट्रिंगवर करायचं. संख्येला दहानं भागत उजवीकडून अंक काढायचे, उलटे साठवायचे आणि शेवटी पुन्हा सुलटे करायचे, ही जुनी पद्धत चालते. पण त्यात मुलं उलट-सुलट करतानाच गुंततात. त्यापेक्षा डावीकडून एका फेरीत होणारा उपाय आहे. अंक लिहिल्यावर त्याच्या उजवीकडं किती अंक उरले, एवढंच पाहायचं. उत्तर बफरमध्ये, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेत, जमत जातं.

उरले = एकूण अंक
डावीकडून प्रत्येक अंकासाठी:
  अंक बफरमध्ये ठेव
  उरले एकनं कमी कर
  उरले किमान ३ असतील आणि विषम असतील, तर कॉमा ठेव
शेवटी नल कॅरेक्टर (स्ट्रिंग संपल्याची खूण) ठेव

उरलेले ३, ५, ७, ९ असताना कॉमा, बाकी कधी नाही. तात्यांचा आकडा घेऊन पाहा. १ लिहिला, उरले ५, विषम, कॉमा. २ लिहिला, उरले ४, काही नाही. ७ लिहिला, उरले ३, कॉमा. १ लिहिला, उरले २. ९ लिहिला, उरला १, विषम आहे पण तीनपेक्षा कमी, म्हणून सोडला. २ लिहिला, संपलं. बफरमध्ये १,२७,१९२. अंक लिहिल्यानंतरच कॉमाचा विचार होत असल्यानं आकड्याच्या सुरुवातीला कॉमा येण्याची भीती उरत नाही. परदेशी ग्राहकासाठी तीन-तीनचे गट हवे असतील तर एकच अट बदला: उरले शून्य नसावेत आणि त्यांना तीननं पूर्ण भाग जावा.

फेरीच्या आधी थोडी तयारी लागते. पहिलं अक्षर उणे किंवा अधिक चिन्ह असेल तर ते जसंच्या तसं बफरमध्ये टाका आणि अंकांच्या मोजणीत धरू नका. नाहीतर उणे चिन्हाला अंक समजून −१२७ चं −,१२७ होतं. मोजणी टिंबाशी थांबवा, टिंब आणि त्यापुढचे पैसे तसेच उतरवून घ्या. मधे अंक नसलेलं अक्षर आलं तर फंक्शननं काही न लिहिता अपयश कळवावं. इझडिजिटला (अक्षर अंक आहे का ते सांगणारं फंक्शन) अक्षर देताना ते अनसाइन्ड कॅरमध्ये बदलून द्या, कारण उणे किमतीचा कॅर दिला तर त्याचं वागणं मानकानं ठरवून दिलेलं नाही.

बफर किती मोठा हवा? इथं मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. अंक 'न' असतील आणि ते तीनपेक्षा जास्त असतील, तर कॉमा (न − २) भागिले २ इतके, बाकी सोडून. सहा अंकांना दोन, आठ अंकांना तीन. एका मुलानं हे सूत्र बरोबर काढलं, पण 'तीनपेक्षा जास्त असतील तर' ही अट गाळली, कारण तीन आणि दोन अंकांना सूत्र शून्यच देतं. त्याचा प्रोग्रॅम लाखांच्या रकमांना सुरळीत चालायचा आणि ५ रुपयांच्या एका नोंदीला कोसळायचा. आम्ही दोघं तासभर बसलो. स्ट्रलेन जी लांबी देतं ती साइज-टी प्रकारची, म्हणजे बिनचिन्हाची. एक वजा दोन हे तिथं उणे एक होत नाही, ६४ बिटांच्या यंत्रावर ते १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतं. एवढ्याच्या निम्मी जागा मॅलॉककडं मागितली, ती मिळाली नाही, नल आलं, आणि त्या नलवर लिहायला गेला. अट आधी तपासा. वजाबाकी नंतर.

लाँग लाँग या सीच्या मोठ्या पूर्णांक-प्रकारात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येला १९ अंक असतात, तिला ८ कॉमा, एक चिन्ह, एक नल, असे २९ बाइट लागतात. म्हणून निव्वळ पूर्णांक रकमांसाठी ३२ चा बफर धरा. टिंब आणि दोन पैसे धरायचे तर ४० घ्या. आणि बफर फंक्शनला बोलावणाऱ्यानंच द्यावा, सोबत त्याचा आकारही. मुलं हौसेनं फंक्शनच्या आतच स्टॅटिक अ‍ॅरे ठेवतात आणि तोच परत देतात. मग एकाच प्रिंटएफमध्ये जमा आणि नावे या दोन रकमा छापल्या की दोन्हीकडं एकच आकडा उमटतो, कारण दुसऱ्या वेळी पहिल्याच जागेवर लिहिलं गेलेलं असतं. मोंढ्यात अशी पट्टी गेली तर भांडण व्हायला वेळ लागत नाही. आतला साधा अ‍ॅरे परत देणं तर याहून वाईट, फंक्शन संपलं की ती जागा आपली राहतच नाही.

आता रक्कम साठवायची कशात? फ्लोट या दशांशी प्रकारात नको. फ्लोटला २४ बिटांचीच अचूकता असते. १,६७,७७,२१७ ही रक्कम त्यात बसत नाही, एक रुपया गळून १,६७,७७,२१६ होते. हंगामात एखाद्या आडत दुकानाची उलाढाल याच्या पुढं सहज जाते. सगळं पैशात, पूर्णांकात ठेवा. इथं आपल्या बाजारभावाच्या रिवाजातली एक सोय मला फार उशिरा लक्षात आली. भाव रुपये प्रतिक्विंटल असतो आणि क्विंटल म्हणजे १०० किलो. म्हणून ४,८९२ रुपये क्विंटल म्हणजेच ४,८९२ पैसे किलो. वजन किलोत घेऊन भावानं गुणलं की उत्तर थेट पैशात येतं, कुठं भागाकार नाही, कुठं दशांश नाही. २६ क्विंटल ३५ किलो माल असेल तर २६३५ गुणिले ४८९२, म्हणजे १,२८,९०,४२० पैसे. छापताना शंभरनं भागून १,२८,९०४ रुपये आणि बाकी २० पैसे.

गुणाकार मात्र लाँग लाँगमध्येच व्हायला हवा, म्हणजे निदान एक संख्या आधी लाँग लाँग असली पाहिजे. ज्यांच्याकडं अजून टर्बो सी या जुन्या कंपायलरवर सराव चालतो त्यांनी हे जरूर करून पाहावं: तिथं इंट, म्हणजे साधा पूर्णांक, १६ बिटांचा असतो, आणि २६ गुणिले ४८९२ याचं उत्तर −३८८० असं येतं. शेतकऱ्यानंच दुकानाला पैसे द्यायचे! तिथला लाँगही ३२ बिटांचा, त्यात पैशांमध्ये जेमतेम २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे मावतात. सरावाला ठीक, हिशोबाला नको.

पैसे वेगळे काढताना उणे रकमा फसवतात. एखाद्या खात्यावर ७५ पैसे नावे निघाले, म्हणजे −७५. शंभरनं भागलं तर शून्य, आणि शून्याला उणे चिन्ह नसतं. बाकी काढली तर −७५. सरळ छापलं तर कागदावर ०.−७५ असं काहीतरी येतं. म्हणून चिन्ह पहिल्यांदा बाजूला काढून ठेवा, मग चिन्हाशिवायच्या संख्येचे रुपये आणि पैसे पाडा, पैसे नेहमी दोन अंकी छापा, नाहीतर ५ पैशांचे ५० पैसे दिसतील. चिन्ह काढताना संख्या आधी अनसाइन्ड लाँग लाँगमध्ये न्या आणि तिथं शून्यातून वजा करा. लाँग लाँगमधली सगळ्यात लहान उणे संख्या धन केली तर त्याच प्रकारात मावत नाही.

कॉमा फक्त छापताना. यावर मी हट्टी आहे. फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये, बेरजेत आकडा उघडाच राहिला पाहिजे. एका प्रकल्पात मुलींनी कॉमा घातलेली स्ट्रिंगच फाइलमध्ये साठवली आणि दुसऱ्या दिवशी एटोआय या स्ट्रिंगची संख्या करणाऱ्या फंक्शननं परत वाचली. १,२७,१९२ चे वाचले गेले १. एटोआय काय किंवा स्ट्रटोएलएल काय, अंक नसलेल्या पहिल्या अक्षराशी थांबतात. एटोआय चूक सांगतही नाही. स्ट्रटोएलएलला निदान दुसरा पॉइंटर देता येतो, तो कुठं थांबला हे दाखवतो. वापरणारा माणूस कॉमासकट आकडा टाइप करणार असेल तर आधी कॉमा गाळून नवी स्ट्रिंग करा, मग स्ट्रटोएलएल, मग तो पॉइंटर स्ट्रिंगच्या शेवटाशी पोचला का ते पाहा. सीएसव्ही, म्हणजे कॉमानं रकाने वेगळे करणारी फाइल, करायची असेल तर तिथंही उघडे आकडे द्या. कॉमासकट द्यायचेच असतील तर रक्कम दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर एका रकमेचे तीन रकाने होतील.

कोडमध्येच मोठे स्थिरांक लिहिताना डोळ्यांना आधार हवा असेल, तर सी २३ या नव्या मानकात अंकांमध्ये एकेरी अवतरण चिन्ह टाकता येतं, आणि गट कुठंही पाडता येतात, म्हणजे लाख-कोटीप्रमाणेही. जुन्या कंपायलरवर हे चालणार नाही.

पट्टीवर रकमा एकाखाली एक उजव्या कडेला लागल्या पाहिजेत, आण्णांच्या वहीत लागायच्या तशा. यासाठी तयार झालेली स्ट्रिंग रुंदी देऊन छापा, टक्का-१५-एस पुरे होतं. स्ट्रिंग रुंदीपेक्षा आखूड असेल तर डावीकडं मोकळी जागा पडते आणि एककाखाली एकक येतं. प्रिंटर समान रुंदीच्या अक्षरांचा असावा, एवढंच.

आता देवनागरी अंक. तात्यांसारख्यांसाठी पट्टी मराठी अंकांत असावी असं मला मनापासून वाटतं, आणि ते अवघड नाही. पण क्रम चुकवू नका. आधी साध्या अंकांत कॉमा घाला, सगळ्यात शेवटी अंक बदला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटांचा असतो: पहिला २२४, दुसरा १६५, आणि तिसरा १६६ मध्ये तो अंक मिळवून. शून्याला १६६, नवाला १७५. कॉमा, टिंब आणि चिन्ह एका बाइटाचेच राहतात. म्हणून आधीच्या बफरच्या तिप्पट जागा धरली की निभतं. रुंदीचं गणित मात्र इथं मोडतं. टक्का-१५-एस बाइट मोजतं, अक्षरं नाही. १,२७,१९२ देवनागरीत आठ अक्षरं आणि वीस बाइट, त्यामुळं त्याला वाटतं रुंदी भरून गेली, आणि डावीकडं एकही जागा सोडली जात नाही. उपाय असा की देवनागरीत बदलण्याआधीच रुंदीसकट मोकळ्या जागा स्ट्रिंगमध्ये घालून घ्या आणि नंतर फक्त अंक बदला.

त्याच पट्टीवर 'अक्षरी रुपये' ही ओळ असतेच. एक लाख सत्तावीस हजार एकशे ब्याण्णव फक्त. ती तयार करायला हेच गट उपयोगी पडतात, प्रत्येक कॉमाला एक शब्द. मराठीत मात्र नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, म्हणून शंभर नावांचा तक्ता लागतो. तो मुलांकडून लिहून घेताना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे तीन हमखास तपासा.

फंक्शन झालं की ते मोठ्या रकमेवर नाही, सीमेवर तपासायचं. मी देते ती यादी अशी: ०, ५, ९९, ९९९, १०००, ९९९९९, १०००००, ९९९९९९९, १००००००० आणि या प्रत्येकाचं उणं रूप, मग −७५ पैसे, मग लाँग लाँगची दोन्ही टोकं. ९९९ ला कॉमा आला तर 'किमान ३' ऐवजी 'किमान १' लिहिलं गेलंय. १००००० चं १००,००० झालं तर विषमची अट सुटून तीननं भाग जाण्याची राहिली आहे. उण्या आकड्यांतच कॉमा सरकले तर चिन्ह अंकांत मोजलं गेलंय.

छापून आलेला कागद मी घरी नेते आणि आण्णांपुढं ठेवते. आता डोळे कमी झालेत, तरी ते एकेक ओळ मोठ्यानं वाचतात. जिथं अडखळतात तिथं मी पेनानं खूण करते. शेवटच्या ओळीवर, ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ वर, ते उजवीकडून एकेक कॉमा बोटानं मोजत गेले, आठ झाले तेव्हा थांबले, आणि "बरोबर हाय" म्हणून कागद माझ्या हातात दिला.